ओव्हरलॉक मशीनशी मैत्री: आधी सगळे दोरे काढून टाका

ओव्हरलॉक म्हणजे कापडाची कड छाटत छाटत ती दोऱ्यांनी गुंफणारं मशीन. नवं मशीन बहुतेकदा दोरे ओवूनच खोक्यातून बाहेर येतं. चारही दोरे जागच्या जागी, कापड दाबून धरणाऱ्या फूटखाली नमुन्याच्या कापडाची पट्टी. बघून हायसं वाटतं आणि त्या दोऱ्यांना हात लावायची भीती बसते. रंग बदलायचा झाला तरी माणूस जुन्या दोऱ्याला नवा गाठून ओढून घेतो. मग एक दिवस ऐन शिवणात लूपरचा, म्हणजे आतल्या सुईसारख्या वाकड्या भागाचा, दोरा तुटतो आणि मशीनवर कव्हर चढतं ते चढतंच. म्हणून मी कुणालाही ओव्हरलॉक शिकवते तेव्हा पहिल्याच दिवशी दोऱ्यांच्या वाटेचे जवळून फोटो काढायला लावते आणि मग सगळे दोरे काढून टाकायला लावते. हे मशीन अंगवळणी पडणं म्हणजे नव्वद टक्के ओवणं अंगवळणी पडणं, असं माझं ठाम मत आहे.

ओवण्याआधी मशीन आतून बघून घ्या. यात बॉबिन नाही. दोन सुया आहेत आणि सुईसारखेच पण वाकडे असे दोन लूपर. लूपर कापडात शिरत नाहीत. वरच्या लूपरचा दोरा कापडाच्या वरच्या अंगावर पसरतो, खालच्याचा खालच्या अंगावर, आणि दोघांची गाठ पडते ती बरोबर कापडाच्या कडेवर. त्यांना जागेवर धरून ठेवतात सुयांचे दोरे. डाव्या सुईचा दोरा म्हणजे खरी शिवण, उजव्या सुईचा तिला जोड. सुयांच्या थोडं पुढे पातं आहे, ते कड आधी छाटतं आणि मगच टाका पडतो. समोरचं झाकण उघडं ठेवून, पायपट्टीला हात न लावता, चाक हाताने आपल्याकडे फिरवा आणि कोण कुठून कुठे जातं ते नीट पाहा. घाई करू नका, इथे घालवलेला वेळ पुढे खूप त्रास वाचवतो.

ओवणं

चार वेगळ्या रंगांचे दोरे घ्या. मशीनवर रंगाच्या खुणा असतील तर त्याच रंगांचे घेतले की आणखी सोपं. बहुतेक घरगुती मशीनचा क्रम असा: वरचा लूपर, खालचा लूपर, उजवी सुई, डावी सुई. तुमच्या मशीनच्या पुस्तिकेत वेगळा क्रम असेल तर पुस्तिकेचंच ऐका. पण सुया शेवटी, हे जवळजवळ सगळीकडे सारखं. सुया आधी ओवल्या तर त्यांचे दोरे खालच्या लूपरच्या वाटेत आडवे येतात आणि पहिल्या दोन-चार टाक्यांतच लूपरचा दोरा तटकन तुटतो. पुन्हा ओवला की पुन्हा तुटतो, आणि वाटतं की मशीनच बिघडलं. मशीन ठीक असतं. खालच्या लूपरचा दोरा मधेच तुटला तर दोन्ही सुयांचे दोरे आधी काढायचे, लूपर ओवायचा, मग सुया पुन्हा ओवायच्या. एवढा एक नियम पाठ असला तरी निम्मी भांडणं मिटतात.

ओवताना फूट वर असू द्या. बहुतेक मशीनमध्ये फूट वर केला की टेन्शनच्या, म्हणजे दोऱ्याचा ताण ठरवणाऱ्या, चकत्या सैल होतात आणि दोरा त्यांच्यामध्ये खोलवर बसतो. दोरा चकतीच्या दोन्ही बाजूंना धरून हलकेच ताणा, म्हणजे तो आत सरकतो. मागची दोऱ्यांची दांडी पूर्ण वर ओढलेली हवी, खटका लागेपर्यंत. सगळं ओवून झालं की फूट खाली घ्या आणि एकेक दोरा ओढून बघा. प्रत्येकाला थोडा अडसर जाणवला पाहिजे. एखादा दोरा सुळकन आला तर तो चकतीत बसलेलाच नाही. टेन्शनचे आकडे फिरवायच्या आधी ही तपासणी करा, कारण ओबडधोबड टाक्याचं कारण बरेचदा एवढंच असतं.

खालचा लूपर सगळ्यांना छळतो. चाक फिरवून तो उजवीकडे बाहेर आणा, चिमट्यात दोऱ्याचं टोक तिरकं कापून धरा आणि लूपरच्या डाव्या टोकाशी असलेली खाच चुकवू नका. ती खाच अंधारात असते, म्हणून टॉर्च लावा. दोन्ही सुयांच्या भोकांतून दोरा गेला की सगळ्या दोऱ्यांची टोकं फूटखालून मागे डावीकडे घ्या, हलकेच धरा आणि चाक हाताने काही वेळा फिरवा. कापड नसतानाही दोऱ्यांची साखळी तयार व्हायला लागते. ती नीट पडली की मगच पायपट्टी दाबा.

आणि मग दोरे काढा, पुन्हा ओवा. पहिला आठवडा रोज एकदा.

पातं

साध्या मशीनवर चुकलेली शिवण उसवता येते. इथे छाटलेलं कापड परत येत नाही. त्यामुळे टाचण्या नकोतच. लावायच्याच असतील तर कडेपासून दोन-तीन सेंटिमीटर आत, शिवणीला समांतर. टाचणी पात्याखाली आली की पात्याची धार जाते आणि तुकडा उडून डोळ्याला लागू शकतो. कापडाचे क्लिप सगळ्यात बरे, तेही पात्याजवळ येण्याआधी काढायचे. तयार होत आलेला कपडा शिवताना दर थोड्या वेळाने डावा हात खालून फिरवून बघा, बाहीची किंवा पाठीची घडी तर खाली शिरली नाही ना.

नजर सुईवर ठेवू नका, पात्यावर ठेवा. चार दोऱ्यांच्या टाक्यात डाव्या सुईपासून कडेपर्यंत साधारण सहा-सात मिलिमीटर असतात. म्हणजे तुमचं मार्जिन, शिवणीसाठी सोडलेली कड, दीड सेंटिमीटरचं असेल तर पात्याने आठ-नऊ मिलिमीटर छाटायला हवेत, आणि एक सेंटिमीटरचं असेल तर तीन-चारच. एका तुकड्यावर पेनाने शिवणीची रेघ मारून तपासा की डावी सुई नेमकी त्या रेघेवर पडते का, आणि फूटवर त्या जागी खूण करून ठेवा. कपडा अंगाला कसा बसेल याची खात्री नसेल तर आधी साध्या मशीनवर शिवा, घालून बघा, मग कड ओव्हरलॉक करा. मी अजूनही मापाचे कपडे असेच शिवते.

वेगाचं भान ठेवा. बरीच घरगुती ओव्हरलॉक मशीन मिनिटाला १,३०० टाक्यांपर्यंत पळतात. पाय अगदी हलका ठेवा आणि कापड ओढू नका, मशीनला स्वतः घेऊ द्या.

टाका वाचायला शिका

वेगवेगळ्या रंगांचे दोरे घेतले ते याचसाठी. टेन्शनची सगळी चाकं पुस्तिकेत दिलेल्या आकड्यांवर ठेवा, बरेचदा ते तीन ते पाचच्या मधले असतात. कापडाच्या दोन थरांवर एक शिवण मारा आणि दोन्ही बाजूंनी पाहा. वरच्या लूपरचा रंग कड ओलांडून खालच्या अंगाला दिसतोय? मग वरचा लूपर सैल आहे, नाहीतर खालचा आवळलेला. खालच्याचा रंग वर डोकावतोय तर उलट. आता शिवण उलगडून दोन्ही थर विरुद्ध बाजूंना ताणा. डाव्या सुईचा दोरा शिडीच्या पायऱ्यांसारखा दिसला तर त्या सुईचं टेन्शन वाढवा. शिवणीला चुण्या पडत असतील तर सुयांचं कमी करा. एका वेळी एकच चाक, अर्ध्या आकड्याने फिरवायचं. प्रत्येक तुकड्यावर पेनाने आकडे लिहून ठेवा. ताणाचं कापड, सुती, जाड डेनिम अशा तुकड्यांची माझी एक वही आहे आणि नवा कपडा कापण्याआधी मी ती उघडतेच.

टाके सुटत असतील तर टेन्शनला हात न लावता सुई बदला. ती पूर्ण वरपर्यंत गेलीय का बघा. चार दोऱ्यांच्या मशीनमध्ये डावी सुई उजवीपेक्षा किंचित वर दिसते, ते बरोबर आहे. सुईची जात मशीनवर लिहिलेली असते. साध्या मशीनच्या सुया काही ओव्हरलॉकमध्ये चालतात, काहींत नाही.

डिफरेन्शियल फीडचं चाक बरेच जण कधी फिरवतच नाहीत, आणि मला त्याचं वाईट वाटतं. फूटखाली दात्यांच्या दोन जोड्या असतात, पुढची आणि मागची. चाक एकच्या वर नेलं की पुढचे दाते जास्त कापड आत ढकलतात, म्हणून टी-शर्टच्या कडेला लाटा येत नाहीत. १.३ पासून सुरुवात करा, लाट राहिली तर वाढवा. एकच्या खाली नेलं की कापड किंचित ताणलं जातं, पातळ झिरझिरीत कापडाच्या चुण्या जातात. चाचणीचा तुकडा कपड्याच्याच कापडाचा, त्याच दिशेने कापलेला हवा. उभं आणि आडवं कापड सारखं ताणलं जात नाही.

शेवटची साखळी नुसती कापून टाकलीत तर धुण्यात टाके सुटतात. साखळीचं टोक मोठ्या भोकाच्या बोथट सुईने टाक्यांच्या आतून दोन-तीन सेंटिमीटर मागे न्या आणि कापा. बाहेरच्या कोपऱ्यावर सरळ कापडाबाहेर निघून जा, फूट उचला, कापड फिरवा आणि पुन्हा सुरू करा. आतल्या कोपऱ्यात कापड हाताने सरळ रेषेत आणा, मागे घडी पडली तरी पडू द्या. उसवायचं झालं तर लूपरचे दोरे कातरत बसू नका. सुयांचे दोन दोरे ओढून काढा, लूपरचे आपोआप मोकळे होतात.

सुरुवात उशीच्या अभ्र्यांनी करा, सगळ्या शिवणी सरळ. मग पायजमा, मग टी-शर्ट. दर कपड्यानंतर झाकण उघडून ब्रशने कापडाचा भुसा काढा. पात्याजवळ आणि लूपरखाली तो भरपूर साठतो. फुंकर मारू नका, तो आणखी आत जातो. तेल पुस्तिकेत सांगितलं असेल तरच आणि सांगितलं असेल तिथेच, एक थेंब. पातं कापड चावायला लागलं, कड फाटल्यासारखी दिसू लागली, की ते बदलायची वेळ झाली.