नाशिकच्या आंतरधर्मीय घरात ज्यू वारसा कसा जपावा

जोडीदारांपैकी एक बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी भाषिक ज्यू समाजातला, आणि दुसरा हिंदू असेल, आणि दोघांचीही देवावर फारशी श्रद्धा नसेल, तर घरात ज्यू म्हणून काय पाळायचे हे लग्नाआधीच बोलून घ्यावे. विशेष विवाह कायदा, १९५४ नुसार कोणालाही धर्म बदलावा लागत नाही. नोटिशीनंतर ३० दिवस थांबावे लागते आणि तीन साक्षीदार लागतात. अशा जोडप्याला भारतीय वारसा कायदा लागू होतो, म्हणून मृत्युपत्राचेही तेव्हाच ठरवावे.

सुरुवात शुक्रवारच्या संध्याकाळपासून करावी. सूर्यास्तापूर्वी दिवे लावावेत आणि किद्दुशसाठी, म्हणजे पेल्यावर म्हणायच्या शब्बाथच्या आशीर्वचनासाठी, बेने इस्राएल घरांतील रीतीप्रमाणे, मनुक्यांचे सरबत करावे. काळे मनुके धुऊन रात्रभर भिजवावेत, हाताने चांगले कुस्करावेत आणि पातळ फडक्यातून पिळून घ्यावेत; निफाड-पिंपळगावच्या द्राक्षांच्या मुलखात चांगला मनुका सहज मिळतो. आशीर्वचन श्रद्धेने म्हणवत नसेल, तर आजीच्या तोंडचे शब्द म्हणून म्हणावे, पण गाळू नये, असे मला मनापासून वाटते. एकदा गाळलेले शब्द पुढच्या पिढीला कोणी शिकवत नाही.

सासर-माहेर दोन्हींकडच्या माणसांना एकत्र बोलवायचे असेल, तर मलिदा या बेने इस्राएलांच्या आभाराच्या विधीसारखा दुसरा प्रसंग नाही. भिजवलेले पोहे, खवलेला नारळ, साखर, वेलची, सुकामेवा आणि वर फळे असे हे ताट शाकाहारी असल्याने कोणालाही संकोच वाटत नाही. या विधीत एलियाहू हन्नबीचे, म्हणजे प्रेषित एलियाचे, स्मरण कशासाठी करतात, हे मात्र पाहुण्यांना आधी सांगावे, नाहीतर तो नुसता प्रसाद ठरतो. सणांच्या तारखा दरवर्षी पाहाव्यात. ज्यू पंचांगातही अधिक महिना येतो आणि दिवस सूर्यास्ताला सुरू होतो.

मुलांच्या बाबतीत स्पष्टपणा हवा. पारंपरिक नियमानुसार ज्यूपण आईकडून येते. वडील ज्यू असतील, तर काही ठिकाणी मुलाला ज्यू मानले जाणार नाही, हे त्याला बाहेरून कळण्याआधी घरातच सांगावे आणि वारसा मात्र दोन्हीकडून मिळतो हेही त्याच वेळी सांगावे. पेणकर, रोहेकर अशी आडनावे ज्या गावांवरून पडली ती त्याला दाखवावीत, पूर्वजांचे जहाज जिथे फुटले असे मानतात त्या अलिबागजवळच्या नवगावला न्यावे. पुण्याचे लाल देऊळ किंवा ठाण्याचे १८७९ चे शार हाशामाईम ही ज्यू प्रार्थनास्थळे पाहायची असतील, तर आधी परवानगी घ्यावी आणि ओळखपत्र सोबत ठेवावे.