बगॅसवर शैवाल वाढवताय? साखर कोण खातंय ते आधी बघा

एम.एस्सी. मायक्रो किंवा बायोटेकला डेझर्टेशनसाठी ‘शेतीतल्या टाकाऊ मालावर शैवाल वाढवून बायोडिझेल’ हा विषय घेणारे दरवर्षी भेटतात. कल्पना अशी: टाकाऊ माल आम्लाने फोडून साखर काढायची, ती शैवालाला खाऊ घालायची आणि शैवालातल्या तेलाचं बायोडिझेल करायचं. विषय देखणा आहे, हिरवे फ्लास्क फोटोत छान येतात, आणि 2018 च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणात शैवालाचं नाव असल्यामुळे प्रस्तावनेची पहिली दोन पानं आपोआप भरतात. पुढची भरताना घाम फुटतो. मी त्यातून गेलेय, अजून पुरती बाहेर पडलेली नाही, तेव्हा कुठे चिडून लिहिलं असेल तर सांभाळून घ्या.

कच्चा माल फुकट मिळतो असं लिहिण्याआधी जरा चौकशी करा. साखर कारखान्यात बगॅस, म्हणजे उसाचा चोथा, बॉयलरला जातं, त्याच्या वाफेवर कारखाना चालतो आणि उरलेली वीज विकली जाते. पाचट खोडव्याच्या सरीत कुजवा म्हणून कृषी खातं कानीकपाळी ओरडतंय. ज्वारीचा कडबा जनावरांच्या तोंडचा. पऱ्हाट्या खरोखर बांधावर पेटवल्या जातात, पण त्या लाकडासारख्या, त्यातलं लिग्निन (लाकडाला कडक करणारा भाग) फोडता फोडता सेमिस्टर संपतं. एक्स्टर्नल (बाहेरून येणारे परीक्षक) ऊसवाल्या घरातले निघाले तर पहिला प्रश्न इथेच पडतो. तरीही नवख्याने बगॅसच घ्यावं असं माझं मत आहे, कारण त्यावर झालेलं काम भरपूर आहे आणि अडलात तर वाचायला मिळतं.

बरेच जण कॉलेजबाहेरच्या रसवंतीतून चिपाडं आणतात. हरकत नाही, पण त्यात रस शिल्लक असतो, आल्या-लिंबासकट. त्यातलं सुक्रोज आम्लात उकळलं की ग्लुकोज आणि फ्रुक्टोज सुटतं, आणि आपण खुशाल लिहितो की सेल्युलोज (चोथ्यातला धागा, फोडला की ग्लुकोज देतो) फुटलं. गरम पाण्याने धुवत राहा. शेवटचं धुवण थोडं आम्ल घालून उकळा, थंड करून न्यूट्रल करा आणि मग डीएनएस (साखर मोजायची रंगाची चाचणी) करा. नुसत्या धुवणाचं डीएनएस करून उपयोग नाही, सुक्रोज त्यात दिसतच नाही. रंग आला नाही तरच चिपाडं वाळवून दळा.

आता मुख्य गोष्ट. इथे लांबण लागणार, कारण माझं खरं नुकसान इथे झालं.

आपण सगळे स्वस्तातला मार्ग धरतो: एक-दोन टक्के सल्फ्युरिक आम्ल, ऑटोक्लेव्हमध्ये 121 अंश, अर्धा-पाऊण तास. बाहेर कोऱ्या चहाच्या रंगाचं पाणी येतं. डीएनएस करून 540 नॅनोमीटरला बघितलं की साखर भरपूर. गाईड खूश, आपण खूश. पण डीएनएस एवढंच सांगतं की रिड्यूसिंग शुगर आहे. कोणती, ते सांगत नाही. सौम्य आम्लाने आधी फुटतं ते सेल्युलोजभोवतीचं हेमिसेल्युलोज, आणि उसाच्या हेमिसेल्युलोजमधून मुख्यतः झायलोज ही वेगळीच साखर सुटते. सेल्युलोज बहुतांशी चोथ्यातच बसून राहतं. त्यातलं ग्लुकोज काढायला सेल्युलेज एन्झाइम, पीएच 4.8, 50 अंश असा वेगळा खटाटोप लागतो. म्हणजे हातात आहे ते मुख्यतः झायलोजचं पाणी. क्लोरेला हे आपलं हिरवं शैवाल ग्लुकोज मजेत खातं, झायलोजला मात्र बहुतेक स्ट्रेन नाक मुरडतात. काही थोडं घेतात, तेही उजेड असेल तर. वर त्या पाण्यात फरफ्युरल, एचएमएफ आणि अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड असतं, ते जास्त झालं की वाढ खुंटते.

मग न खाल्लेल्या झायलोजचं काय होतं? बॅक्टेरिया ते सोडत नाहीत. दोन-तीन दिवसांत डीएनएसचा आकडा खाली, ओडी (पाण्याचा गढूळपणा, ज्यावरून पेशी वाढल्या असं धरतात) वर. दोन्ही आलेख पाठ्यपुस्तकात शोभावेत असे. साखर घटली, पेशी वाढल्या, आणखी काय पाहिजे? मी त्या आलेखांची स्लाइडसुद्धा केली होती. नंतर केव्हातरी थेंब काचपट्टीवर घेतला तर 40एक्सखाली गोल हिरव्या पेशी तुरळक, फिकटलेल्या, आणि त्यांच्या मधून वळवळणारे बारीक दांडे नुसते ठासून भरलेले. 680 नॅनोमीटरला घेतलेला ओडी म्हणजे गढूळपणा. तो शैवालाचा, बॅक्टेरियाचा की चुन्याने न्यूट्रल करताना राहिलेल्या जिप्समचा, हे त्या यंत्राला कळत नाही. आणि वाईट हे, की इथे एक आकडा दुसऱ्याची खोटी साक्ष देतो. नुसता ओडी वाढला असता तर शंका आली असती. साखरही त्याच वेगाने घटतेय म्हटल्यावर शंका घेणार कोण?

म्हणून रोज थेंब बघा. खरंच रोज, रविवार धरून. कल्चर न्यूट्रिएंट अगारवर (बॅक्टेरिया वाढवायच्या थाळीवर) पसरून अंधारात 30 अंशाला ठेवा. दुसऱ्या दिवशी वसाहती दिसल्या तर त्या क्लोरेलाच्या नव्हेत, त्याला कितीतरी जास्त दिवस लागतात. कल्चर कुठूनही शुद्ध म्हणून आणलेलं असो, ही तपासणी करूनच कामाला घ्या. न्यूबाउअर चेंबरमध्ये पेशी मोजा. नुसत्या हिरव्या रंगावर जाऊ नका, अंधारात ग्लुकोजवर वाढलेलं धडधाकट क्लोरेलाही फिकट पडतं.

आणि हायड्रोलायझेटला (आम्लाने काढलेल्या त्या साखरेच्या पाण्याला) हात लावण्याआधी साध्या बीजी-11 या शैवालाच्या माध्यमात तीन फ्लास्क लावा: एकात ग्लुकोज, एकात झायलोज, एकात काहीच नाही. आपला स्ट्रेन काय खातो ते आठवड्याभरात कळतं. पुढे मुख्य प्रयोगात शैवाल न टाकलेला हायड्रोलायझेटचा फ्लास्कही शेजारी हवाच. त्यातली साखर घटली तर स्टरलायझेशनपासून पुन्हा सुरुवात. गाईड हे सहसा सांगत नाहीत, कारण यातून पेपर निघत नाही. माझं स्पष्ट मत आहे की मोठ्या नावाच्या गाईडपेक्षा शेजारच्या टेबलावर काम करणारी, वैतागलेली पीएच.डी.ची सीनियर जास्त कामाची. तिला चहा पाजा. पैसे घेऊन तयार डेझर्टेशन करून देणाऱ्यांबद्दल बोलायची माझी इच्छा नाही. व्हायव्हात पाच मिनिटांत उघडं पडतं.

निदान एक सॅम्पल तरी एचपीएलसीला (कोणती साखर किती ते वेगवेगळं दाखवणाऱ्या यंत्राला) द्या. कॉलेजात नसेल तर बाहेर पैसे भरून होतं, पण मार्चमध्ये सगळेच धावतात, तेव्हा दिवाळीनंतर लगेच नंबर लावा.

तेलाबद्दल थोडक्यात. क्लोरोफॉर्म-मिथेनॉलमध्ये उतरलेलं सगळं तेल नसतं. क्लोरोफिल येतं, हायड्रोलायझेटमधली लिग्निनची घाणही येते, आणि सगळ्याचं वजन ‘लिपिड’ म्हणून वहीत जातं. फेम (तेलाचे मिथाइल एस्टर, म्हणजेच बायोडिझेल) करून जीसी यंत्रावर आलेला आकडाच खरा माना. माध्यमातला नायट्रोजन तोडला की लिपिडचे टक्के वाढतात, पण वाढ थांबते, म्हणून टक्क्यांपेक्षा रोज लिटरमागे किती मिळालं ते लिहा.

हे वाचून विषय बदलायला निघाला असाल तर थांबा. अमेरिकेच्या ऊर्जा विभागाने 1978 ते 1996 शैवालाच्या तेलावर कार्यक्रम चालवला आणि शेवटी खर्चाचं गणित जमेना म्हणून गुंडाळला. एक्सॉनमोबिल 2009 मध्ये मोठा गाजावाजा करून उतरली, 2023 मध्ये बाहेर पडली. सोलाझाइम ही कंपनी तर आपल्यासारखंच करत होती, साखरेवर अंधारात शैवाल, तेही ब्राझीलमध्ये उसाच्या साखरेवर. पुढे इंधन सोडून खाद्यतेलाकडे वळली, 2016 मध्ये टेराव्हिया नाव घेतलं आणि 2017 मध्ये दिवाळखोरीत गेली. तेव्हा तुमच्या फ्लास्कातून चमचाभर तेल निघालं नाही म्हणून रडत बसू नका. कमी तेल निघालं असं नीट कंट्रोलसकट दाखवणारं डेझर्टेशन पास होतं, मी होताना पाहिलंय.

व्हायव्हात एक प्रश्न ठरलेला: साखर हातात आलीच आहे तर यीस्ट टाकून इथेनॉल का नाही? एक किलो ग्लुकोजपासून सिद्धांतानुसार 510 ग्रॅम इथेनॉल मिळतं, तेल फार तर 320 ग्रॅमच्या आसपास, आणि प्रत्यक्षात 200 ग्रॅम निघालं तरी पुष्कळ. इथे गडबडू नका. इथेनॉल पेट्रोलमध्ये जातं, डिझेलची जागा घ्यायला तेलच लागतं, शिवाय तेल काढल्यावर उरलेल्या शैवालाच्या चोथ्यात प्रथिनं असतात, असं सांगा. खर्चात इथेनॉल जिंकतं हेही स्वतःहून कबूल करा, एक्स्टर्नलच्या हातात ते ठेवू नका.

नोकरीचं म्हणाल तर शैवाल-इंधनाच्या जागा आपल्याकडे जवळपास नाहीत. डिस्टिलऱ्या, प्रेसमडवर (रस गाळल्यावर उरणाऱ्या गाळावर) चालणारे सीबीजी म्हणजे बायोगॅसचे प्रकल्प, स्पिरुलिनावाले, ईटीपी (सांडपाणी शुद्ध करणारे प्रकल्प), इथे मात्र ही कामं येणारी माणसं लागतात. सीव्हीत वर फर्मेंटेशन, एचपीएलसी, कन्टॅमिनेशन कंट्रोल लिहा आणि डेझर्टेशनचं नाव खाली घाला. कारखान्याच्या एचआरला शैवाल म्हणजे पाण्याच्या टाकीत धरतं ते शेवाळ वाटतं.