खोडकर पिल्लाला रिंगमध्ये नेण्याआधी

कुत्र्याच्या पिल्लाला डॉग शोच्या रिंगमध्ये, म्हणजे जजसमोरच्या मैदानात, उतरवायचं असेल तर सुरुवात कागदांपासून करावी, कारण तेवढंच एक काम पिल्लू फाडून टाकण्याआधी उरकता येतं. नोंदणीचं प्रमाणपत्र, वंशावळ आणि लसीचं कार्ड पिल्लासोबतच ताब्यात घ्यावं. ‘मागाहून पाठवतो’ या आश्वासनावर पिल्लू उचलू नये. मायक्रोचिप असेल तर डॉक्टरांकडे स्कॅन करून तिचा 15 आकडी क्रमांक कागदावरच्या क्रमांकाशी ताडून पाहावा. शो ज्या संस्थेचा, तिच्या नियमात वयाचे वर्ग बघून ठेवावेत. एफसीआयच्या (कुत्र्यांच्या संस्थांचा आंतरराष्ट्रीय महासंघ) शोमध्ये पपी वर्ग 6 ते 9 महिन्यांचा आणि ज्युनियर 9 ते 18 महिन्यांचा. नर पिल्लू असेल तर दोन्ही वृषण नीट खाली उतरलेत का, हे डॉक्टरांना आधीच विचारावं. एफसीआयच्या मानकांत, म्हणजे त्या त्या जातीचं कुत्रं कसं असावं याच्या लिखित वर्णनांत, ही अट असतेच, आणि ती रिंगमध्ये कळण्यापेक्षा दवाखान्यात कळलेली बरी.

आपल्या जातीचं मानकही याच काळात वाचून काढावं. जजनं कुत्र्यांची तुलना त्या लिखित मानकाशी करायची असते, शेजारच्या कुत्र्याशी नाही. ते वाचलं की आपल्या पिल्लाकडे प्रेमाचा चष्मा काढून बघता येतं. दोन मिनिटं का होईना.

आता वेळेचं गणित, आणि ते अवघड आहे. माणसं, आवाज, गर्दी ‘हे असंच असतं’ म्हणून स्वीकारण्याचं पिल्लाचं वय साधारण 3 ते 14 आठवड्यांचं. लसींचा पहिला क्रम मात्र 16 आठवड्यांच्या आसपास पुरा होतो. लसी होईपर्यंत पिल्लाला घरात कोंडलं तर नेमकी तीच वेळ निघून जाते. मोकळं सोडलं तर पार्व्हो या जीवघेण्या विषाणूची भीती. म्हणून या दिवसांत पिल्लू कडेवर फिरवावं. रस्त्याच्या कडेला उभं राहून गाड्या दाखवाव्यात, लाउडस्पीकर ऐकवावा, छत्री उघडून मिटून दाखवावी, टोपीवाल्या, दाढीवाल्या, काठीवाल्या माणसांच्या हातून खाऊ द्यावा. जमिनीवर ठेवायचं ते फक्त लस झालेल्या ओळखीच्या कुत्र्यांच्या अंगणात. गाडीची सवयही आत्ताच लावावी, छोट्या फेऱ्यांनी आणि रिकाम्या पोटी.

खोड्यांबद्दल माझं मत बहुतेकांपेक्षा वेगळं आहे. त्या मोडून काढू नयेत. रिंगमध्ये शेपटी पायात घालून चालणाऱ्या शहाण्या कुत्र्यापेक्षा ‘बघा, मी आलो’ म्हणत शिरणारं वांड कुत्रं डोळ्यांत भरतं, आणि तो तोरा सारखं ओरडून शिल्लक राहत नाही. खोडी वळवायची. चप्पल तोंडात धरली तर ओढाताण न करता खाऊच्या बदल्यात सोडायला शिकवावं. चॉकलेट, द्राक्षं, मनुका, कांदा आणि झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात तो गोड पदार्थ) घातलेलं काहीही मात्र त्याच्या उडीपेक्षा उंच ठेवावं. तिथे वळवणं वगैरे नाही, हे सगळं विषारी आहे. आणि संध्याकाळी पिल्लू अंगात आल्यासारखं घरभर धावू लागलं, पायांना चावू लागलं, तर आधी ते किती झोपलंय ते आठवावं. लहान पिल्लू दिवसाचे 18 ते 20 तास झोपतं. आमच्याकडचं अर्धं वांडपण म्हणजे अपुरी झोप होती, हे कळायला मला तीन उशा आणि एक रिमोट लागला.

खरी गोम पुढे आहे. सगळे पिल्लाला पहिल्यांदा ‘बस’ शिकवतात, मीही शिकवलं, आणि इतकं चांगलं शिकवलं की थांबलं की ते बसायचं. पहिल्याच सराव-शोमध्ये जज समोर आले आणि त्यानं मोठ्या कौतुकानं बूड टेकवलं. शोच्या पिल्लाला आधी ‘उभा’ शिकवावा. खाऊ नाकासमोर, नाकाच्याच उंचीवर धरावा. वर नेला की ते बसणारच. चारही पाय जमिनीवर असले की खाऊ द्यायचा. सुरुवातीला दोन सेकंद, मग पाच. पाय हातानं जागेवर ठेवायची घाई नको. ‘बस’ काही महिन्यांनी शिकवलं तरी चालतं.

चाल दुडकीची हवी. कुत्रं डाव्या हाताला ठेवतात. रिंगमधली फेरी घड्याळाच्या उलट दिशेनं असते आणि जज आत उभे असतात, म्हणून कुत्र्याच्या नि त्यांच्या मध्ये आपण येत नाही. सरळ जाऊन परत येणं आणि त्रिकोण, दोन्ही घोटवावं. त्यासाठी शोची बारीक लीड (गळ्यात घालायची दोरी) वेगळीच ठेवावी. ती गळ्यात पडली की काम, रोजचा पट्टा पडला की मजा, हे पिल्लाला फार पटकन कळतं. लीडच चावत असेल तर ती ओढू नये, त्याच्यासाठी तो रस्सीखेचच असतो.

रिंगमध्ये जज दात बघतात आणि अंग चाचपतात, म्हणून दात दाखवणं रोज, पण हलक्या हातानं. साधारण चौथ्या महिन्यापासून 28 दुधाचे दात पडू लागतात आणि सातव्यापर्यंत 42 पक्के येतात. या दिवसांत हिरड्या दुखतात. तेव्हा जबरदस्ती केली तर तोंडाकडे आलेल्या हाताची धास्तीच बसते. ओठ उचलला, खाऊ दिला, संपलं. दुधाचा सुळा पक्क्याच्या शेजारी अडून राहिला तर डॉक्टरांना दाखवावा. ओळखीपाळखीच्या लोकांकडून पाठ, पाय, शेपूट चाचपून घ्यावं. लहान जातीचं पिल्लू असेल तर हे सगळं टेबलावर, खाली न घसरणारी चटई टाकून. मोठ्या जातीच्या पिल्लाकडून उड्या आणि लांब धावणं करवून घेऊ नये, हाडांची वाढ अजून चालू असते. चांगल्या पपी फूडवर वरून कॅल्शियमही नको.

नखं दर आठवड्याला थोडी थोडी कापावीत, म्हणजे आतली रक्तवाहिनी मागे सरकते. खरखरीत केसांच्या जातीला शोच्या आदल्या दिवशी आंघोळ घालू नये, केस मऊ पडतात. बाकीचं ग्रूमिंग जातीप्रमाणे.

आदल्या रात्री पिशवी भरावी: कागद, शोची लीड आणि तिची जोडी, घरचं पाणी, वाडगं, ब्रश, पुसायची फडकी, मलमूत्र उचलायच्या पिशव्या, क्रेटवर टाकायला चादर, बारीक तुकडे केलेला खाऊ. आपले बूट सपाट आणि न वाजणारे. खिशातली किल्ली-चिल्लर काढून टाकावी. आणि भरलेली पिशवी कपाटाच्या वर ठेवावी. माझी एकदा दाराशी ठेवली होती. सकाळी खाऊ संपलेला होता आणि लीडचे तीन तुकडे होते. जोडी त्यानंतर घ्यायला लागलो.