गूगल फॉर्ममधली माहिती एक्सेलमध्ये घेताना खाते क्रमांक आणि मराठी नावे कशी सांभाळावीत

शिष्यवृत्तीचे अर्ज गूगल फॉर्मवर भरून घेतले की 'रिस्पॉन्सेस' टॅबवर जायचे, उजवीकडच्या तीन टिंबांवर क्लिक करून 'डाउनलोड रिस्पॉन्सेस' निवडायचे. झिप फाइल उतरते. ती आधी एक्स्ट्रॅक्ट करा, आतली सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साध्या मजकुराची फाइल) बाहेर काढा. इथपर्यंत सगळे बरोबर असते. माहिती बिघडते ती पुढच्या डबल-क्लिकने.

डबल-क्लिक केले की एक्सेल प्रत्येक रकान्यात काय असावे याचा स्वतःच अंदाज बांधते. खाते क्रमांक त्याला साधा आकडा वाटतो, म्हणून सुरुवातीची शून्ये गळतात. एक्सेल आकड्याचे पहिले १५ अंकच लक्षात ठेवते. त्यामुळे १२३४५६७८९०१२३४५६ हा सोळा अंकी क्रमांक आधी १.२३ई+१५ असा दिसतो, आणि सेल रुंद करून फॉरमॅट 'नंबर' केला तर १२३४५६७८९०१२३४५० निघतो. शेवटचा ६ गेला! तशीच फाइल सेव्ह केली तर तो परत आणायची सोय त्या फाइलमध्ये उरत नाही. मराठी नावांच्या जागी अगम्य चिन्हे दिसतात, कारण फाइल यूटीएफ-८ या एन्कोडिंगमध्ये, म्हणजे अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत, असते आणि एक्सेल ती बहुधा जुन्या विंडोज एन्कोडिंगने वाचते.

म्हणून एक्सेलमध्ये आधी कोरे वर्कबुक उघडा. 'डेटा' टॅबमध्ये 'फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही' घ्या आणि फाइल निवडा. समोर येणाऱ्या खिडकीत 'फाइल ओरिजिन' ६५००१ युनिकोड (यूटीएफ-८) करा, 'डेटा टाइप डिटेक्शन'मध्ये 'डू नॉट डिटेक्ट डेटा टाइप्स' निवडा. मग 'लोड' न दाबता 'ट्रान्सफॉर्म डेटा' दाबा.

आता प्रश्नांची ओळ डोक्यावर आणायला 'यूज फर्स्ट रो अ‍ॅज हेडर्स' दाबा. नेमके इथेच पुष्कळांचे चुकते: या बटणाबरोबर एक्सेल गुपचूप 'चेंज्ड टाइप' ही पायरी जोडते आणि खाते क्रमांकांचे पुन्हा आकडे होतात. उजवीकडच्या 'अप्लाइड स्टेप्स' यादीत ती दिसली तर फुलीवर क्लिक करून काढा. सगळे रकाने टेक्स्ट राहिले की बेरीज शून्य येते, म्हणून फक्त उत्पन्नाच्या किंवा रकमेच्या रकान्याच्या डोक्यावरच्या 'एबीसी' चिन्हावर क्लिक करून 'होल नंबर' करा. पैशांसह रक्कम असेल तर 'डेसिमल नंबर'. शेवटी 'क्लोज अँड लोड'.

एक्सेल २०१० किंवा २०१३ असेल तर 'फ्रॉम टेक्स्ट'चा विझार्ड येतो. पहिल्या पायरीत 'डिलिमिटेड' व 'फाइल ओरिजिन' ६५००१, दुसरीत 'कॉमा', तिसरीत शिफ्ट धरून सगळे रकाने निवडून 'टेक्स्ट'.

बँकेकडे यादी धाडण्याआधी ओळींची संख्या फॉर्ममधल्या प्रतिसादांशी जुळवा आणि दोन-तीन खाते क्रमांक पासबुकाच्या प्रतीशी अंकन्‌अंक ताडून पाहा. मूळ झिप पैसे जमा होईपर्यंत पुसू नका.