वजन कमी करताना मनाच्या या चुका टाळा

माझ्याकडे आहारसल्ल्यासाठी येणाऱ्यांच्या वह्यांत एक गोष्ट हमखास दिसते. सोमवार ते शुक्रवार भाकरी, भाजी, ताक सगळं नीट लिहिलेलं, आणि शनिवार-रविवार कोरे. एका ताईंना विचारलं तर मान खाली घालून म्हणाल्या, "हळदीकुंकवाला गेले होते, एक बटाटेवडा खाल्ला. मग म्हटलं, मोडलंच आहे तर आता सोमवारपासूनच बघू."

एका वड्याने काहीच बिघडलं नव्हतं. बिघडलं ते 'मोडलंच आहे' म्हटल्यावरच्या दीड दिवसात. याला मी आळस किंवा कमकुवत मन अजिबात म्हणत नाही. मानसशास्त्रज्ञ पीटर हर्मन यांच्या १९७५ च्या प्रयोगात काही विद्यार्थिनींना आधी मिल्कशेक दिला, काहींना नाही, नंतर सगळ्यांना आइस्क्रीम. एरवी खाण्यावर ताबा ठेवणाऱ्या मुलींपैकी ज्यांनी मिल्कशेक प्यायला होता, त्यांनी न प्यायलेल्यांपेक्षा आइस्क्रीम उलट जास्त खाल्लं. बंधन जितकं कडक, तितकं ते एका घासाने तुटतं. म्हणून वडा खाल्ला तर वहीत 'वडा १' लिहा आणि रात्री नेहमीसारखं जेवा. भरपाई म्हणून दुसऱ्या दिवशी उपाशी राहू नका. संध्याकाळी पाच वाजता फरसाणाचा डबा उघडतो तो त्या उपाशीपणामुळेच.

दुसरी चूक आकड्याची. "लग्नाच्या वेळी ५५ होते, तेवढं व्हायचंय." अमेरिकेत १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ६० लठ्ठ स्त्रियांना सरासरी ३२ टक्के वजन कमी करायचं होतं. ४८ आठवड्यांत सरासरी १६ किलो उतरले, तरी जवळपास निम्म्या जणींचं वजन त्यांनी स्वतःच 'निराशाजनक' ठरवलेल्या आकड्यापर्यंतही आलं नाही. सोळा किलो उतरवूनही अपयशी वाटावं, याचं मला फार वाईट वाटतं. मधुमेह टाळण्यासाठीच्या तिथल्याच एका मोठ्या चाचणीत (२००२) उद्दिष्ट होतं फक्त ७ टक्के, सोबत आठवड्याला १५० मिनिटं व्यायाम. हे उद्दिष्ट दिलेल्या गटात मधुमेह होण्याचं प्रमाण नकली गोळी दिलेल्या गटापेक्षा ५८ टक्क्यांनी कमी राहिलं. ९० किलोच्या माणसाला ७ टक्के म्हणजे सहा-सव्वासहा किलो. पहिलं उद्दिष्ट तेवढंच ठेवा.

घरच्यांनाही सांगणं आहे: "किती सुटलीयस!" म्हटल्याने कुणी बारीक होत नाही. माणूस लपून खायला लागतो.

आणि लपून खाणं गांभीर्याने घ्या. थोड्या वेळात खूप खाल्लं जातं, थांबता येत नाही, नंतर स्वतःची किळस येते, असं आठवड्यातून एकदा तरी, तीन महिने चालू असेल तर तो आजार असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत. अशा वेळी आणखी कडक डाएट मागू नका, मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. मनाच्या आजारांवरच्या काही औषधांनीही वजन वाढतं. गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. कधी सुरू झाली आणि तेव्हा वजन किती होतं, हे लिहून डॉक्टरांना दाखवा. बदलता येण्यासारखी असेल तर ते बदलून देतात.