रॉड बांधताना ब्लँक कशाने पुसावा?

मासेमारीच्या रॉडचा ब्लँक म्हणजे कार्बनचे किंवा काचेचे तंतू रेझिनमध्ये, बहुतेक वेळा इपॉक्सीतच (हार्डनर मिसळल्यावर घट्ट होणारं रेझिन), बसवून केलेली पोकळ नळी. त्यामुळे घट्ट झालेलं इपॉक्सी किंवा रंग उतरवणारं रसायन ब्लँकलाही सोडत नाही. काम भागेल इतकंच सौम्य सॉल्व्हंट (डाग विरघळवणारा द्रव) घ्या.

बहुतेक सगळं काम आयसोप्रोपिल अल्कोहोलवर भागतं. ते 99 टक्के घ्यावं, निदान 91 टक्के तरी. 70 टक्केवाल्यात उरलेलं मुख्यतः पाणी असतं. ते सावकाश सुकतं आणि गाइडच्या (दोरी ज्यातून जाते त्या कड्यांच्या) पायाखाली, ती बांधणाऱ्या धाग्याच्या कडेला दडून राहतं. हँड सॅनिटायझर चालणार नाही, त्यातलं ग्लिसरीन पृष्ठभागावर राहतं.

पुसायची पद्धत सॉल्व्हंटइतकीच महत्त्वाची. दोन पांढरी, धागे न सुटणारी फडकी घ्या; फॅब्रिक सॉफ्टनरमध्ये धुतलेली नकोत. एक अल्कोहोलने ओलसर करा, थबथबीत नाही. वीतभर भाग एकाच दिशेने पुसा आणि ओला असतानाच दुसऱ्या कोरड्या फडक्याने टिपून घ्या. ओल तशीच सुकू दिली तर विरघळलेलं तेल पुन्हा जागेवरच बसतं. फडक्यावर काळसर डाग उमटला की घडी बदलायची. रील सीटखालची (रील बसवायच्या भागाखालची) जागा 220 ते 320 नंबरच्या पॉलिश पेपरने निस्तेज केली असेल तर डाग येईनासा होईपर्यंत पुसा, मग पाच-दहा मिनिटं थांबा. सॉल्व्हंट उडताना पृष्ठभाग गार पडतो, दमट हवेत त्यावर बाष्प धरतं आणि इपॉक्सी पांढुरकं होऊ शकतं.

मेण, टेपचा चिकटा, ग्रीस यांना अल्कोहोल पुरत नाही. तिथे नॅप्था (पेट्रोलियमपासूनचं सॉल्व्हंट) वापरा आणि शेवटचा हात अल्कोहोलचा. फिनिशमध्ये (धाग्यावरच्या इपॉक्सीच्या थरात) गोल खळगे पडतात ते बऱ्याचदा सिलिकॉनमुळे, म्हणजे स्प्रे वंगण किंवा हातावरच्या क्रीममुळे. ते पूर्ण निघणं अवघड असतं, म्हणून कामाच्या टेबलाजवळ येऊच देऊ नका. टर्पेंटाइन तेलकट थर सोडतं, ते या कामाचं नाही.

अॅसिटोन फक्त धातूच्या अवजारांसाठी ठेवा. ते ब्लँकचा रंग आणि वरचं क्लिअर कोट मऊ करतं, अनेक प्लॅस्टिक भाग विरघळवतं. लॅकर थिनरच्या मिश्रणात नेमकं काय आहे हे डब्यागणिक बदलतं, तेही टाळा. मिथिलीन क्लोराइडचा पेंट रिमूव्हर तर ब्लँकजवळ आणूच नका: रंगासोबत तंतूंना धरून ठेवणारं रेझिनही तो खातो आणि तो रॉड पुढे ताण आल्यावर मोडू शकतो. जुना रंग काढायचाच असेल तर पाणी लावून बारीक पॉलिश पेपरने घासा आणि तंतू दिसायच्या आत थांबा.

नवा ब्लँक असेल तर आधी ग्रिपखाली झाकल्या जाणाऱ्या जागी चाचणी करा. सॉल्व्हंटने भिजवलेला कापसाचा बोळा 30 सेकंद टेकवून ठेवा. बोळ्याला रंग लागला किंवा जागा चिकट वाटली तर तो पर्याय बाद. धाग्यावर कलर प्रिझर्व्हर (धाग्याचा रंग टिकवणारा लेप) असेल तर तिथे अल्कोहोलही नको. अनेक प्रिझर्व्हर अॅक्रिलिक असतात आणि मऊ पडतात.

एका बाबतीत सॉल्व्हंट कामच करत नाही. गार, दमट हवेत काही इपॉक्सींवर मेणासारखा चिकट पापुद्रा येतो. तो पाण्यात विरघळतो, अल्कोहोलने नुसता पसरतो. इपॉक्सी पूर्ण घट्ट झाल्यावर कोमट पाणी आणि सौम्य साबणाने धुवा, सुकवा, मगच पुढचा थर.

त्वचेवर लागलेलं इपॉक्सी सॉल्व्हंटने कधीच पुसू नका. ते पातळ होऊन पसरतं, सॉल्व्हंट त्वचेचं संरक्षक तेल काढून टाकतो आणि हार्डनरची अॅलर्जी जडली की ती सहसा कायमची राहते. कोरड्या कागदाने टिपा, मग साबण-पाणी. अल्कोहोलला नायट्राइल हातमोजे चालतात. अॅसिटोन पातळ नायट्राइलमधून लवकर आरपार जातं, त्याला ब्यूटाइल रबर लागतं.

फिनिशमधले बुडबुडे काढायला बरेच जण ज्योत वापरतात, आणि आगीचा खरा धोका इथेच आहे. अल्कोहोलची वाफ साधारण 12 अंश सेल्सियसपासून पेट घेऊ शकते, अॅसिटोनची शून्याच्या बऱ्याच खाली, आणि दोन्ही वाफा हवेपेक्षा जड असल्याने टेबलावरून सरपटत ज्योतीपर्यंत पोचतात. ज्योत पेटवण्याआधी बाटली झाकण लावून दुसऱ्या खोलीत न्या, खिडकी उघडा. ओली फडकी ज्वाला-ठिणग्यांपासून दूर, उघड्यावर एकेक पसरून सुकवा. ढीग करून कचऱ्यात कोंबू नका.