छाटलेल्या फांद्या उचलताना : बागकामात नव्याने येणाऱ्यांसाठी

कोल्हापुरात बागेच्या देखभालीचे काम मुख्यतः दोन ठिकाणी मिळते. एक म्हणजे ताराबाई पार्क, नागाळा पार्क, रुईकर कॉलनी अशा वसाहतींतील बंगल्यांच्या बागा, आणि दुसरे म्हणजे शाळा, कारखाने व कार्यालयांची मोठी आवारे. कृषी पदविका घेऊन किंवा एखाद्या रोपवाटिकेत काही काळ काढून जी मुले-मुली या कामावर येतात, त्यांना कलमांचे प्रकार, खतांच्या मात्रा, रोगांची लक्षणे हे सारे ठाऊक असते. मात्र स्वतःचे अंग सांभाळून काम कसे करावे, हे त्यांना क्वचितच कोणी शिकवलेले असते. अशा नवोदितांना सोबत घेऊन मी बरीच वर्षे बागा सांभाळत आहे. माझ्या पाहण्यात असे आले की अवजार चालवत असताना माणूस सहसा सावध असतो. त्याला लागते ते मुख्य काम संपल्यावर, म्हणजे छाटलेल्या फांद्या गोळा करताना, भरलेली कुंडी सरकवताना किंवा गवतात टाकून दिलेला विळा शोधताना.

बोगनवेलीचे उदाहरण घ्यावे. छाटणी करताना हातमोजे असतात, नजर फांदीवर असते आणि सहसा काही होत नाही. छाटणी संपली की मोजे निघतात आणि जमिनीवरचा ढीग कवेत धरून फाटकापर्यंत नेला जातो. काटे दंडात, पोटात, मानेपाशी रुततात ते याच वेळी. म्हणून फांद्या कापतानाच त्यांचे हातभर लांबीचे तुकडे करावेत, ते दाताळ्याने जुन्या ताडपत्रीवर ओढावेत आणि ताडपत्रीच फरपटत न्यावी. बाजारात स्वस्त मिळणारे, तळव्याला रबर लावलेले सुती मोजे मातीकामाला ठीक आहेत, पण बोगनवेल, गुलाब किंवा लिंबाच्या काट्याला ते अडवत नाहीत. त्यासाठी मनगटाच्या वरपर्यंत येणारे चामडी मोजेच हवेत.

काट्याची जखम वरून टिचभर दिसते आणि आत खोल जाते, शिवाय तिच्यात माती व शेणखत जाण्याची शक्यता असते. जखम साबण आणि वाहत्या पाण्याने लगेच धुवावी. धनुर्वाताची लस कधी घेतली याची तारीख प्रत्येकाने लिहून ठेवावी. साधारणपणे दर 10 वर्षांनी ती पुन्हा घ्यावी लागते, आणि जखम मातीने बरबटलेली असेल तर शेवटच्या लशीला 5 वर्षे होऊन गेल्यावरही डॉक्टर ती पुन्हा देतात. गुलाबाचा काटा रुतलेल्या जागी काही आठवड्यांनी फारशी न दुखणारी गाठ आली आणि तशाच गाठी हातावर वरच्या दिशेने एकामागून एक दिसू लागल्या, तर तो बुरशीचा संसर्ग असू शकतो. अशा वेळी आपण बागकाम करतो हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

डोळ्याचा विषय मी मुद्दाम विस्ताराने मांडतो, कारण याच बाबतीत सर्वाधिक हेळसांड दिसते. आपल्या जिल्ह्यात उसाचे पाते डोळ्याला लागणे इतके नित्याचे आहे की लोक त्याला दुखापत मानतच नाहीत. बागेत हेच काम शोभेच्या बांबूची पाने, मेंदीच्या कुंपणाच्या कापलेल्या काड्या आणि रोपांना आधारासाठी रोवलेल्या काठ्यांची टोके करतात. वनस्पतीच्या भागाने बुबुळावर ओरखडा उठला तर त्यातून बुरशीचा संसर्ग होऊ शकतो, आणि तो सुरुवातीला केवळ लाली व टोचणी एवढ्याच रूपात जाणवतो. पुष्कळदा माणूस औषधाच्या दुकानातून लाली घालवणारे थेंब विकत घेतो. त्यांत स्टेरॉइड असेल तर लाली तात्पुरती कमी होते, पण आतली बुरशी फोफावते आणि दृष्टी जाण्यापर्यंत वेळ येऊ शकते. म्हणून डोळा चोळू नये, त्यात तूप, एरंडेल किंवा कोणाच्या सांगण्यावरून आणखी काही घालू नये, स्वच्छ पाण्याने धुवावा आणि त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जाऊन झाडाचे पान किंवा काडी लागली असे स्पष्ट सांगावे. पारदर्शक संरक्षक चष्मा एका दिवसाच्या मजुरीपेक्षा स्वस्त मिळतो. आधाराच्या काठ्यांच्या टोकांवर पाण्याच्या रिकाम्या बाटल्या उपड्या घालण्याची जुन्या माळ्यांची पद्धत दिसायला बरी नाही, अशी बंगल्याच्या मालकांची तक्रार असते. तरीही ती मी सोडलेली नाही.

गवत कापण्याच्या यंत्राविषयी थोडेच सांगतो, कारण त्याचा धाक मुळातच असतो. सुरू करण्यापूर्वी आवारातील खडे, तारा, काचा वेचाव्यात, इतरांना किमान 15 मीटर दूर ठेवावे आणि अडकलेले गवत इंजिन बंद केल्याशिवाय काढू नये.

पाठीचे दुखणे मात्र सावकाश येते, त्यामुळे त्याची दखल उशिरा घेतली जाते. बारा इंची कुंडी ओल्या मातीने भरली की तिचे वजन वीस किलोच्या आसपास जाते. युरियाचे पोते 45 किलोचे आणि डीएपी खताचे 50 किलोचे येते. तरुण मुले ते एकट्याने उचलून दाखवतात आणि सोबतचे लोक त्याचे कौतुकही करतात. तालमीच्या या गावात अंगमेहनतीचा अभिमान असणे स्वाभाविक आहे. परंतु आखाड्यात वजन घेण्यापूर्वी अंग तापवलेले असते, इथे सकाळी सायकलवरून उतरताच थेट पोत्याला हात घातला जातो. ओझे अंगाजवळ धरावे, गुडघ्यांत वाकून उठावे आणि ओझे हातात असताना कंबर न पिळता पाय वळवावेत. कुंडी हलवायची असेल तर पाणी घालण्यापूर्वी हलवावी. खुरपणी तासन्‌तास उकिडवे बसून करू नये. मध्येच उठून पाणी घालणे किंवा पालापाचोळा गोळा करणे असे उभ्याने होणारे काम घ्यावे. मनगटाचेही असेच आहे. बोथट सिकेटरने, म्हणजे छाटणीच्या कात्रीने, छाटणी केली की प्रत्येक फांदीला दुप्पट जोर लागतो आणि निसटलेले पाते बोटावर येते, म्हणून धार लावण्याची वेळ कामाच्याच वेळेत धरावी.

जून ते सप्टेंबर या काळात घसरण्याची भीती सर्वांत मोठी असते. शहाबादी फरशीवरचे शेवाळ पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यातही घासून काढावे. काळ्या मातीत शिडीचा एक पाय खचतो, त्यामुळे खाली रुंद फळी घालावी आणि दुसऱ्या माणसाने शिडी धरावी. कोल्हापुरी चप्पल कितीही अभिमानाची असली तरी बागेत ती चालत नाही. तिथे बूट किंवा गमबूटच हवेत.

याच दिवसांत पाल्याचे ढीग आणि दगडी गडगे यांत साप आसरा घेतात. घोणस वाळक्या पानांत दिसत नाही, म्हणून ढिगात हात घालण्याआधी तो दाताळ्याने विस्कटावा. दंश झालाच तर जखम कापू नये, चोखू नये, घट्ट दोरी बांधू नये. चावलेला हात किंवा पाय न हलवता रुग्णाला 108 च्या रुग्णवाहिकेने किंवा मिळेल त्या वाहनाने कोल्हापुरातील सीपीआरसारख्या (छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय) मोठ्या सरकारी रुग्णालयात न्यावे. आपल्याकडची प्रतिसर्पविष लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांच्या विषावर चालते, त्यामुळे साप मारून सोबत नेण्यात वेळ घालवू नये.

कण्हेर, रुई आणि शेराचा चीक, डिफेनबेकिया या शोभेच्या झाडाचा रस आणि गाजर गवताचा संपर्क यांपासून त्वचा व डोळे जपावेत. कीटकनाशकाच्या डब्यावरील त्रिकोण पाहिल्याशिवाय झाकण उघडू नये. लाल त्रिकोण सर्वाधिक विषारी, त्याखालोखाल पिवळा, मग निळा आणि हिरवा. लाल किंवा पिवळ्या त्रिकोणाचे औषध राहत्या घराच्या बागेत फवारायला सांगितले गेले, तर नवख्याने स्पष्ट नकार द्यावा आणि ज्येष्ठांना विचारावे.

नव्या ठिकाणी रुजू होताना पहिल्याच दिवशी पाण्याचा नळ, प्रथमोपचाराची पेटी आणि पंपाचा मुख्य स्विच कुठे आहे, हे पाहून घ्यावे. चष्मा, मोजे आणि बूट कोण देणार हेही तेव्हाच विचारावे. ठेकेदाराने ते स्वतः आणा असे सांगितले, तर आणावेत आणि त्यांची पावती महिन्याच्या हिशेबाला जोडावी. मागितल्यावर हे पैसे बहुधा मिळतात, कारण जखमी माणसाचे खाडे ठेकेदारालाही परवडत नाहीत.